टेकाडावरची खोकडं आणि आम्ही चौघं

चार माणसं रविवारी एका गाडीत बसून फोटो काढायला निघाली, की जनावर दिसो न दिसो, किस्सा मिळतोच. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं तर फोटो पुसता येतात. किस्से पुसायची सोय नाही. ते डोक्यात साचलेत, आणि घरी माझं कोणी ऐकत नाही, म्हणून इथं लिहितो.

आम्ही चौघं म्हणजे एक दातांचे डॉक्टर, बँकेतून रिटायर झालेल्या मॅडम, नाशिकला अंबडच्या कारखान्यात माझ्याबरोबर पत्र्याच्या प्रेसवर राबलेला शिंदे, आणि मी. मी चौथी नापास. कॅमेरा मार्कशीट मागत नाही.

विंचूरच्या पलीकडे एक माळ आहे. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची जत्रा भरते. त्या माळावर मुरमाचं टेकाड, टेकाडाच्या उतारावर बीळ, आणि बिळात खोकडाची जोडी. खोकड म्हणजे कोल्ह्याचा बारका भाऊ, शेपटीचं टोक काळं. आणि टेकाडाच्या दुसऱ्या बाजूनं गावातल्या चांगदेवभाऊचा जेसीबी मुरूम खात खात पुढं येत होता.

आमचं म्हणणं एवढंच, की मुरूम दुसरीकडून काढा, हे टेकाड सोडा. तहसीलला अर्ज दिला. पोच मिळाली. पोच दाखवून जेसीबी थांबत नाही. मग डॉक्टर म्हणाले, फोटो काढून गावाला दाखवू. आपल्या माळावर काय राहतं हे कळलं, तर गावच अडवेल.

*

तर पहिला चांगला फोटो मॅडमना मिळाला. अख्खी थंडी बसून बसून एका सकाळी खोकडानं त्यांच्यासमोर मोठी जांभई दिली. ऊन थेट तोंडात. आम्ही सगळे कॅमेऱ्याभोवती गोळा झालो. डॉक्टरांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. मला वाटलं, माणूस आता उजेडाबद्दल काहीतरी बोलेल.

डॉक्टर म्हणाले, "वरचा डावा सुळा तुटलाय. कॅप बसवावी लागेल."

निफाड येईपर्यंत मॅडम त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

*

शिंदेची गोष्ट वेगळी. प्रेसशॉपमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळं त्याला कमी ऐकू येतं आणि तो सगळ्या जगाशी मशीनच्या आवाजाच्या वर बोलतो. खोकड बिळाबाहेर आलं, की शिंदे माझ्या कानात "आलं बघ" म्हणणार, ते लासलगावपर्यंत ऐकू जाणार, आणि खोकड परत आत.

शेवटी मॅडमनी त्याला हुकूम दिला, की तुम्ही गाडीतच बसायचं, काच वर करून. बसला बिचारा. आम्ही तिघं गवतात पालथे पडून पाठ मोडून घेतली, काही आलं नाही. परत आलो तर शिंदे डबा खात होता. म्हणाला, ते आत्ताच गाडीच्या चाकापाशी येऊन मुतून गेलं. मोबाइलवर फोटोही दाखवला.

डॉक्टरांची लेन्स माझ्या घराच्या हप्त्यापेक्षा महाग. शिंदेचा मोबाइल फुटका.

*

मॅडम लपायच्या म्हणजे पक्क्या लपायच्या. मातकट कपडे, तोंडाला फडकं, डोक्यावर गवत. एकदा अशाच बोरीच्या झुडपात बसल्या होत्या. शेळ्या चारणारी पारूबाई तिथून चालली होती. तिनं झुडपात वाकून बघितलं आणि शेजारी बसली. फडक्यातून भाकर-ठेचा काढला, अर्धी भाकर मॅडमच्या हातात दिली. मग हळूच विचारलं, "बाई, नवऱ्यानं हाकललं का सासूनं?"

मॅडमनी सांगितलं, मी खोकडाचा फोटो काढायला बसलेय. पारूबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं, नको सांगू."

*

एक दिवस नाशिकचा एक हिरो आला. कुठून पत्ता लागला कोण जाणे. त्यानं बिळासमोर जिवंत कोंबडी बांधली आणि कॅमेरा लावून बसला. खोकड झडप घालताना पाहिजे म्हणे त्याला. मी सरळ गेलो. डॉक्टर मागून म्हणत होते, अण्णा, शांतपणे सांगा. मला शांतपणे येत नाही.

मी विचारलं, "तुझ्या लग्नात फोटोग्राफरनं तुला हसवायला मटणाचा तुकडा टाकला होता का?"

मग त्याला समजावलं, की एकदा आयतं खायची सवय लागली की हे जनावर गावात कोंबड्यांवर येणार आणि काठीनं मरणार. त्यानं ऐकलं का ते माहीत नाही, पण शिंदे "हो!" असं माझ्या बाजूनं बोलला, तेव्हा तो दचकून उठला आणि गेला. कोंबडी विसरला. ती पारूबाईकडं आहे. अंडी देते.

*

मग आम्ही गावात प्रदर्शन लावलं. मारुतीच्या मंडपात, फ्रेमबिम करून. सगळं गाव आलं. एक म्हातारबा खोकडीच्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, बाबा, तुमच्या माळावरचं हाय हे. त्यांनी मला वेड्यात काढलं. म्हणाले, "एवढं गोरंगोमटं जनावर आपल्याकडं कुठलं? आफ्रिकेतलं असंल."

खोकडाचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. पण कॅमेरे बघून प्रत्येकाला स्वतःचा फोटो हवा झाला. आम्ही दिवसभर तेच केलं. चांगदेवभाऊही आला, चहा प्यायला, लय भारी फोटो हायेत म्हणाला, आणि जेसीबीपुढं उभं राहून स्वतःचा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जेसीबीनं टेकाड अजून खाल्लं.

*

द्राक्षं काढणीला आली तेव्हा खोकडीची पिल्लं बिळाबाहेर दिसायला लागली. जेसीबी इतका जवळ आला होता, की बकेट आपटली की बिळाच्या तोंडावरची माती घसरायची. मॅडम परतताना गाडीत रडल्या. डॉक्टर म्हणाले, अजून एक अर्ज करू.

मी म्हटलं, अर्ज पुरे. गावात लोक एकच गोष्ट उभं राहून वाचतात, ती म्हणजे फ्लेक्स.

नाशिकला जाऊन मोठा फ्लेक्स छापला. मधोमध खोकडी आणि तिची पिल्लं. वर लिहिलं, आपल्या गावच्या टेकाडावर नवीन पाहुण्यांचं आगमन, हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक, म्हणजे प्रदर्शनाच्या दिवशी काढलेले सगळ्या गावाचे चेहरे. घरोघरी जाऊन विचारलं होतं, एकानंही नाही म्हटलं नाही. पुढाऱ्याच्या जागी, सगळ्यात मोठा, पारूबाईचा फोटो. चांगदेवभाऊला तेवढं विचारलं नव्हतं. त्याचा खालच्या ओळीत, कोपऱ्यात टाकला.

डॉक्टर घाबरले. तो फाडून टाकेल म्हणाले. मी म्हटलं, फाडू दे. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलीये, त्याला उभं राहायचंय. फाडायचा तर गावाची तोंडं फाडावी लागतील.

रात्रीत फ्लेक्स फाट्यावर चढवला. सकाळी आम्ही चौघं समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसलो. गाव जमलं होतं, जो तो आपापलं तोंड शोधत होता. एवढ्यात चांगदेवभाऊची बुलेट आली. तो थांबला. खाली उतरला. वरपासून खालपर्यंत वाचलं. पिल्लं बघितली, पारूबाई बघितली, मग वाकून कोपऱ्यातला स्वतःला बघितला. मॅडमनी आधीच शिंदेच्या तोंडावर हात दाबला.

भाऊनं खिशातून फोन काढला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मशीन खाली घे. हां, आत्ताच. टेकाडावर नको परत."

मग तो टपरीपाशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चांगला रागावलेला होता.

"अण्णा," तो म्हणाला, "पुढच्या वर्षीच्या पिल्लांना माझा फोटो वर पाहिजे. आन् गॉगलवाला घ्या."