फ्लेक्सवरचा कान

सात रस्त्याच्या कोपऱ्यावर माझा फोटो लागलाय, हे मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. "भाऊसाहेब, अभिनंदन! फ्लेक्सवर हाय की तुमी," म्हणाला. मी शाळेत हेडक्लार्क. माझा फोटो फ्लेक्सवर लागायचा तर मी एकतर नगरसेवक व्हायला हवं होतं, नाहीतर मरायला हवं होतं, आणि त्या सकाळपर्यंत दोन्हीपैकी काही झाल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मधल्या सुट्टीत स्कूटर काढली आणि बघायला गेलो.

फ्लेक्स चांगला वीस फुटी होता. मधोमध आमचा फुटबॉलचा हिरो हाताची घडी घालून उभा, त्याच्यामागं डरकाळी फोडणारा वाघ, आणि वर जळत्या अक्षरांत, 'वाघ परत आला! मैदानातील पुनरागमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुकांची रांग. जिल्ह्याच्या फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष, सचिव, दोन माजी खेळाडू, एक केटरर, आणि शेवटून दुसरा मी. हा वाघ इतके दिवस गेला कुठं होता, ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. जागा कमी पडली असेल बिचाऱ्यांना. ते मी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात मी रेफ्री होतो. हा पोरगा मूळचा मोडनिंबचा, सोलापुरात मामाकडं राहून शिकलेला, तेव्हा बावीस वर्षांचा. परराज्यातल्या एका व्यावसायिक क्लबनं त्याला घेतलं होतं. सुट्टीवर आला होता तेव्हा जुन्या संघाकडून फायनल खेळायला उतरला. सामना शून्य-शून्य, शेवटची पाच मिनिटं, आणि हा गोलसमोरच्या बॉक्समध्ये धाडकन पडला. पेनल्टी मागायला लागला. मी म्हटलं, नाटक करतोस. पिवळं कार्ड दाखवलं, आधीचं एक होतंच, म्हणून लाल. तो चालत आला आणि त्यानं माझ्या कानाखाली आवाज काढला.

तो आवाज मला डाव्या कानानं ऐकू आलेला शेवटचा. पडदा फाटला, आतली नस गेली, ऑपरेशन झालं, उपयोग शून्य. आता त्या कानात फक्त शिट्टी ऐकू येते, तीही कुणी वाजवत नसताना. त्याचा क्लब सुटला, तीन वर्षांची बंदी लागली. बंदीची बातमी पेपरात आली, लोक हळहळले, एवढ्या गुणी पोराचं करिअर बसलं म्हणून. माझ्या करिअरबद्दल कुणी हळहळलं नाही, कारण क्लार्कला करिअर असतं हे लोकांना माहीत नसतं.

मला होतं. अठरा वर्षं शाळा सुटली की मी काळा ड्रेस पिशवीत घालून मैदानावर जायचो. राज्याची रेफ्रीची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालो होतो. पुढच्या मोसमात व्यावसायिक सामन्यांवर बोलावणं येणार होतं. नंतर वैद्यकीय तपासणीत त्यांनी एक कान बघितला आणि माझा अर्ज बाजूला ठेवला. शाळेत मी 'भाऊसाहेब, बोनाफाइड द्या'. मैदानावर मात्र सगळे 'सर' म्हणायचे, माझ्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. ते गेलं याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

तर फ्लेक्स. माझा फोटो त्यांनी कुठून मिळवला असेल? दवाखान्यातला. डोक्याला पट्टी बांधलेला, ग्रुपवर 'सर लवकर बरे व्हा' म्हणून फिरलेला. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर पट्टी पुसली आणि तिथं एक नवा कोरा कान बसवून दिला. मी स्कूटरवर बसून बराच वेळ बघत होतो. दोन डॉक्टरांना जमलं नाही ते त्या फ्लेक्सवाल्यानं अर्ध्या तासात केलं असणार.

संध्याकाळी अध्यक्ष घरी आले, पेढे घेऊन. माझी बायको अक्कलकोटकडची, राग आला की कानडीत जाते. तिनं पेढे घेतले आणि आत जाऊन कानडीत काहीतरी पुटपुटली. अध्यक्षांना वाटलं, आशीर्वाद.

"सर," अध्यक्ष म्हणाले, "बंदी संपली पोराची. एक क्लब तयार हाय घ्यायला. परत प्रोफेशनल खेळणार आपला माणूस! फक्त क्लबवाल्यांची एक अट हाय. ज्या रेफ्रीला लागलं त्याचं पत्र पायजे, माझी काही तक्रार नाही म्हणून. आमी फ्लेक्सचा फोटो पाठवला त्यांना."

"का?"

"म्हंजे तुमी शुभेच्छुकांत हाय की! आता शुभेच्छुक म्हटल्यावर तक्रार कसली? पण ते बाहेरचे लोक, त्यांना कळत न्हाय. कागदच पायजे म्हणाले. महिनाअखेरच्या आत."

आमच्याकडं हे असं आहे. फ्लेक्सवर फोटो आला की माणसानं शुभेच्छा दिल्या. त्याला विचारायची पद्धत नाही. उलट विचारलं तर तो नाराज होतो, मला विचारावं लागतं का म्हणून. अध्यक्षांची यात काही लबाडी होती असं मला वाटत नाही. त्यांनी मनापासून माझी माफी छापून घेतली होती.

त्यानंतरचा आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. चहाच्या टपरीवर, स्टाफरूममध्ये, दाढीच्या दुकानात, सगळीकडं एकच चर्चा. परत घ्यावं की नको? सगळ्यांचं मत, घ्यावं. परदेशात म्हणे याहून मोठमोठे प्रताप करून खेळाडू परत येतात आणि लोक त्यांच्या नावाचे टी-शर्ट घालतात. "मोठं मन करा सर," न्हावी म्हणाला, माझ्या त्याच कानाजवळ वस्तरा धरून. लोकांची मनं केवढी मोठी झाली होती! माझ्या कानावर सगळ्यांचा हक्क होता, फक्त मला तेवढं कुणी विचारत नव्हतं.

विचारलं असतं तर सांगितलं असतं. खेळू दे म्हटलं असतं. सकाळी फिरायला जाताना मी त्याला मैदानावर एकट्यानं सराव करताना बघायचो, तीन वर्षं, उन्हात, पावसात. असा डावा पाय जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी एका कानाचा असलो तरी दोन्ही डोळ्यांनी बघत होतो. पंचविशीचं पोरगं. या खेपेला नाही गेला तर पुढं कुणी घेणार नाही, मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजत बसेल. माझं म्हणणं एवढंच होतं, की त्यानं यावं आणि एकदा म्हणावं, चुकलो. तीन वर्षांत तो माझ्या दारात आला नव्हता. समोरून आलो तर गल्ली बदलायचा.

मी हे अध्यक्षांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "एवढंच ना? सत्कार ठेवू!"

आमच्याकडं सत्काराशिवाय काही हलत नाही. पोरगं दहावी पास झालं, सत्कार. जामिनावर सुटून आला, सत्कार. तर रविवारी हॉल घेतला, स्टेज, माईक, सूत्रसंचालक. आधी त्याचा सत्कार, मग अध्यक्षांचा, मग माझा. एप्रिलचं ऊन, हॉलचे पंखे नुसते फिरल्यासारखं करत होते, आणि माझ्या खांद्यावर सोलापुरी चादर. हातात नारळ, डोक्याला फेटा. माझा सत्कार नेमका कशाबद्दल, हे सूत्रसंचालकालाही कळलं नसावं. 'क्रीडाक्षेत्रातील भरीव योगदानाबद्दल' म्हणाला. कान दिलाच होता, योगदान तर खरंच.

मग तो पुढं आला. माझ्या पाया पडला, उठला, आणि वाकून माझ्या डाव्या कानात काहीतरी म्हणाला.

"आणि हा तो क्षण!" सूत्रसंचालक ओरडला. "क्षमायाचनेचा क्षण! टाळ्या!" सगळा हॉल उभा राहिला. पन्नासेक मोबाइल आमच्याकडं रोखलेले. मला काय ऐकू आलं? शिट्टी. नेहमीचीच. पन्नास मोबाइलसमोर माणूस काय करणार? मी मान हलवली. "सरांनी माफ केलं!" माईकवर जाहीर झालं आणि पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेत एक बाई डोळे पुसत होत्या.

अध्यक्षांनी टाइप केलेलं पत्र आणि पेन माझ्या हातात कोंबलं. मी पत्राची घडी करून खिशात ठेवली. म्हटलं, "उद्या त्याला घरी पाठवा. एकट्याला."

"आता आणि काय सर? मागितली की माफी त्यानं."

"कुठल्या कानात?"

अध्यक्षांनी माझे दोन्ही कान नीट बघितले. दोन्ही जागेवर होते. त्यांना प्रश्नच कळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तो आला. आमच्या गल्लीत पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. बायको दारातच पाइप धरून पिंप भरत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. आता काही खैर नाही, असं मला वाटलं. पण ती "या" म्हणाली आणि पाइप बाजूला केला. तो आत आला, माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसला. गुडघ्यावर हात, मान खाली.

"काल काय म्हणालास?" मी विचारलं.

"ऐकू न्हाय आलं व्हय सर?"

"डाव्या कानात बोललास तू."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे तो अजून..."

"अजून काय? कायमचा गेला तो. म्हणून तर शिट्टी सोडली."

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "मला कुणी सांगितलंच न्हाय," म्हणाला. "मला वाटलं बरा झाला. फ्लेक्सवर तर चांगला दिसतोय की."

मी हसलो. खरंच हसू आलं, आवरेना. तो मात्र रडायला लागला. "चुकलो सर. लई चुकलो. हात उचलायलाच नको होता. लाज वाटायची, म्हणून आलो न्हाय कधी." मोठं, तगडं पोरगं, तोंडावर हात घेऊन रडत होतं. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हे, आणि ते टाळ्यांशिवाय, चादरीशिवाय, नळाच्या आवाजात आलं. मी खिशातून पत्र काढलं, सही केली, त्याच्या हातात दिलं. अगदी मोकळं वाटलं मला. खरंच मोठं मन आहे की आपलं, असंही मनात येऊन गेलं. तिथंच गप्प बसायला हवं होतं.

"पण काल काय म्हणालास ते सांग की."

"ऱ्हाऊ द्या सर."

"अरे सांग."

तो पत्राकडं बघत म्हणाला, "म्हटलं होतं, सर, ती पेनल्टीच होती."

हॉल उभा राहिला होता, बाई डोळे पुसत होत्या, आणि हा माझ्या कानात हे सांगत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला माहीत होतं. दवाखान्यात असतानाच कुणीतरी मला मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवला होता. किती वेळा बघितला याची गणती नाही. बचाव करणाऱ्याचा बूट सरळ याच्या घोट्यावर पडलेला, बॉल हातभर लांब. आंधळ्यालाही दिसेल. त्यानंतर तीन दिवसांनी मी सामन्याचा अहवाल लिहिला, आणि त्यात लिहिलं, 'खेळाडूने पडल्याचे नाटक केले.' कान दुखत होता, डोकं फिरलं होतं, आणि मला तसं लिहावंसं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

"मारलं ते मारलं, सर," तो म्हणाला. "त्याची शिक्षा भोगली, बरोबरच होती ती. पण पोरं मला नाटक्या म्हणतात. मोडनिंबमध्ये माझ्या बापाला विचारतात, नाटक्याचे वडील का तुमी. नवीन क्लबवाल्यांनी पण अहवाल वाचलाय. मी पाय धरून सांगितलं तरी कुणाला पटत न्हाय." त्यानं डोळे पुसले. "लिहून देऊ नका. मी कुणाला सांगणार न्हाय, शप्पथ. फक्त मला सांगा. पेनल्टी होती का नव्हती?"

बाहेर पिंप भरलं होतं, पाणी वाहायला लागलं होतं. बायको पाइप हातात धरून दारात उभी होती. एक शब्द बोलायचा होता मला. 'होती.' पोरानं रडून, पाया पडून जे दिलं होतं, त्याच्या पाव भागाइतकंसुद्धा नाही.

"काय?" मी म्हटलं. "ऐकू नाही आलं रे."

पुन्हा विचारलं नाही त्यानं. पत्राची नीट घडी करून खिशात घातली, माझ्या पाया पडला, "येतो काकू" म्हणाला आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्याची गाडी होती.

बायकोनं जाऊन नळ बंद केला. परत आली, पदरानं हात पुसले.

"तो तुमच्या उजवीकडं बसला होता की," ती म्हणाली.