पानं न कापलेली प्रत

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. नववीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी नीट ओळख झाली नाही. शब्दही साधेच येतात. पण लिहायला पाहिजे, कारण आमच्या मंडळात पुस्तकं येतात वर्षाला दोन-चार आणि किस्से मात्र बदाबदा! पुस्तकांना निदान कपाट तरी आहे.

आम्ही चौघं. साताऱ्यात माझी पिठाची गिरणी. आप्पा आमच्याच गल्लीतले, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. तासगावचे बापू बेदाण्याचे व्यापारी. आणि सांगलीच्या डॉक्टरबाई, दातांच्या. चौघांना नाद एकच. पुढं जगाचं वाटोळं होणार असं सांगणाऱ्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या!

माझी आई म्हणते, "आत्ता काय लय बरं चाललंय, म्हणून पुढचं वाईट इकत आणतोस?"

तिची खरी काळजी वेगळी. माझं लग्न. तीन स्थळं बघून झाली. तिन्ही ठिकाणी मी चहा प्यायलो, एवढंच. बोलायची वेळ आली की माझा पट्टाच निसटतो.

*

मंडळाचा एक नियम आहे. पहिली आवृत्ती पुरती उघडायची नाही, शिवण ढिली होते. वाचायची असेल तर नंतरची आवृत्ती घ्यायची.

हा नियम डॉक्टरबाईंचा. त्या दात बघायच्या छोट्या आरशानं पुस्तकाची शिवण बघतात. पुस्तक किंचित उघडायचं, आरसा आत घालायचा आणि म्हणायचं, "बास, एवढंच."

एकदा खुर्चीतला पेशंट आ करून हे बघत होता. त्यानं घाबरून तोंड मिटलं. "मॅडम, तो आरसा धुतलाय ना?"

"धुतला की," बाई म्हणाल्या. "पुस्तकात घालायच्या आधी!"

*

बापूंच्या कपाटात कसर लागली. पुस्तकांना भोकं पडायला लागली. आम्ही कडुलिंबाचा पाला सुचवला. बापू म्हणाले, "पाल्यानं काय हुतंय? माझ्याकडं रामबाण हाय."

बेदाण्याला पिवळा रंग चढावा म्हणून गंधकाची धुरी देतात. बापूंनी बेदाण्यासोबत पुस्तकंही धुरीला ठेवली!

कसर मेली. पण एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर काळ्याकुट्ट रात्रीचं शहर होतं, ते फिकट पिवळं होऊन आलं. बैठकीत बापूंनी ते खाली मान घालून पुढं केलं. ते सगळ्यांच्या हातातून फिरलं.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "बापू, जे लेखकाला जमलं नाही ते तुम्ही केलंत. तिथं सकाळ झाली!"

*

आप्पा पुस्तक घेऊन सांगलीला निघाले की ते पिशवीत ठेवत नाहीत, कोपरे दुमडतात. शेजारच्या सीटवर ठेवतात. एकदा गाडी भरली. एक मावशी दुरड्या घेऊन चढल्या.

"आवं, हितं कोण बसलंय?"

"पुस्तक हाय. पहिली आवृत्ती. लय नाजूक."

मावशींनी पुस्तकाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. "अर्धं तिकीट काढलंय का त्याचं?"

हाच प्रश्न आप्पांनी नोकरीभर आयाबायांना विचारला होता! मुकाट्यानं पुस्तक मांडीवर घेतलं आणि थेट सांगलीपर्यंत त्यावर हात धरून बसले.

*

आता माझं. माझ्याकडं एक प्रत आहे, जिच्यापायी बापू दरवेळी माझ्यावर रुसतात. एका छोट्या छापखान्यानं काढलेली, पुढं कधीच न छापलेली कादंबरी. बाइंडरनं कडा कापल्याच नव्हत्या, त्यामुळे पानं एकमेकांना जोडलेली. म्हणजे ही प्रत आजवर कुणी वाचलेलीच नाही! मागच्या बाजूला एवढंच छापलंय की एका शहरात घरांच्या कड्या बाहेरून असतात.

गेल्या रविवारी रहिमतपूरची पाहुणे मंडळी आमचं घर बघायला आली. वडील नाहीत म्हणून माझ्या बाजूनं आप्पा बसले. बापू बेदाणे घेऊन आले, डॉक्टरबाई सांगलीहून. मुलीचं नाव वैशाली. रहिमतपुरात शिवणकामाचं दुकान चालवते. मला ती बघताक्षणी आवडली, म्हणजे माझं बोलणं पुरतं बंद!

तिनंच माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडं बघून विचारलं, "यातलं तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं?"

मी ती प्रत पुढं केली. तिनं कापड बघावं तसा कडेवरनं अंगठा फिरवला. "पानं जोडलेली आहेत. तुम्ही वाचलं नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"अहो, कापलं की त्याचं मोल गेलं," डॉक्टरबाई घाईनं म्हणाल्या.

"मग शेवट काय होतो?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी बापूंकडं. बापूंनी बेदाण्यांकडं.

वैशालीनं पुस्तक माझ्या हातात परत दिलं. "शेवट मला कळवा. मग मी माझं सांगते."

पाहुणे गेले आणि घरात रण माजलं. बापू म्हणाले, "गड्या, स्थळं लय येतील, असली प्रत न्हाई यायची!"

"तुमी तुमच्या लग्नात असंच म्हणला व्हता का?" आईनं विचारलं.

आप्पा चपला घालून निघाले, ते दारातनं परत वळले. मग हळूच म्हणाले, "कापलंस तर शेवट मला बी सांग रं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीसमोर ज्वारीचे डबे घेऊन बायका खोळंबल्या होत्या. मी घरात गेलो, आतून कडी लावली, आईची भाजी चिरायची सुरी घेतली आणि पहिलं पान कापलं.