जर्मन सिनेमातले माझे हात

भिवंडीजवळच्या शेलारहून मी निघाले त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि आई माझ्या बोटांवर लोकरीचे हातमोजे चढवून बघत होती. मे महिना, अंगाची नुसती लाही होत होती. "तिकरं बरफ परतो. हात जप गो," एवढंच तिचं चाललं होतं. बाबा रिक्षात बसून घाई करत होते, कारण वाटेत कामतघरला उतरून त्यांना ड्युटीवर जायचं होतं. मुलगी जर्मनीला चालली म्हणून शिफ्ट बुडवणाऱ्यातले ते नव्हतेच. उतरल्यावर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मला फार राग आला होता, अजून पूर्ण गेलेला नाही.

बाबा लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, मिस्त्री. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्यासोबत कारखान्यात जायचे, भावकीने कितीही नाकं मुरडली तरी. त्या खडखडाटात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, पण बारा लूममधला एक थांबला की बरोबर कळतं. धागा तुटलेला असतो. "लूम थांबला का पयला हात गेला पायजे, डोकं मंगशी," ही बाबांची शिकवण. तुटलेली टोकं शोधायची, बारीक गाठ मारायची, गाठीबाहेर उरलेलं शेपूट तोडायचं आणि लूम सुरू. पोरगी असून माझी गाठ कारखान्यात सगळ्यांत बारीक होती. हे मी लिहिणार, कारण तिथे कुणी कधी म्हटलं नाही.

आता मी पूर्व जर्मनीतल्या एका जुन्या कापडगिरणीत नोकरी करते. गिरणीचं संग्रहालय झालंय. भिवंडीत जे भंगारवाला नेतो त्याला इथे तिकीट लावतात, आणि मी शाळेच्या सहलींना ते चालवून दाखवते. व्हिसा या नोकरीला बांधलेला. करार संपायला दोन महिने उरले होते आणि आमचे शेफ, इथे साहेबाला शेफ म्हणतात, तो वाढवण्याबद्दल काही बोलत नव्हते. तेवढ्यात सिनेमावाले आले.

सिनेमा महायुद्धानंतरच्या जर्मनीचा. शहराचा ढिगारा झालेला, एक विधवा गिरणीत विणकाम करते. रोज सकाळी तिच्या लूमवर आपोआप विणलेलं कापड सापडतं, बरोबर एका कोटापुरतं. त्याचा कोट शहरातल्या ज्याला बसतो तो दुसऱ्या दिवशी गायब. का, कोण करतं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. लूम चालता ठेवणं एवढंच माझं काम.

तिसऱ्या दिवशी शॉट सुरू होता. लूम अचानक थांबतो आणि विधवा त्याच्याकडे एकटक बघत राहते, असा प्रसंग. लूम थांबला. आणि मी चालत गेले, नटीला कोपराने बाजूला सारलं, गाठ मारली, लूम सुरू केला. कॅमेरा चालू होता हे नंतर लक्षात आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिग्दर्शिका ओरडली नाही. तिने तो तुकडा चार वेळा पाहिला आणि म्हणाली, हेच हात हवेत. मी हुरळले. मग मेकअपवाली एक डबी घेऊन आली. फिकट गुलाबी रंग, कोपरापर्यंत लावायचा, म्हणजे ते हात विधवेचे वाटतील.

"नाईन," मी म्हटलं, म्हणजे नाही.

दिग्दर्शिकेने समजावलं, त्या काळात इथे असे हात नव्हते. मी म्हटलं, त्या काळात इथे लूमही आपोआप कोट विणत नव्हते. ते चालतं, मग माझी कातडी का नाही चालत? शेफनी मला बाजूला घेऊन कराराची आठवण करून दिली, अगदी हसत. परत जायचं तर कुठे? बाबांचा कारखाना मी इथे आल्यावर बंद होऊन तिथे गोदाम झालं होतं. तरी मी हात पाठीमागे बांधले आणि उभी राहिले. रंग लावला तर लूमला हात लावणार नाही, म्हटलं.

दोन दिवस नटी गाठ शिकत बसली. बिचारीची बोटं सोलली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शिका स्वतः आली आणि तिने डबीशिवायच माझ्या हातांचा शॉट घेतला.

सिनेमा लागला तेव्हा खेळानंतर चर्चा होती. अचानक दिसणाऱ्या त्या काळ्या हातांचा अर्थ काय, यावर लोक तासभर बोलले. कुणी भूत म्हणालं, कुणी अपराधाची भावना. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. करार वाढला, पण एकाच वर्षाचा, आणि शेफ अजून धड बोलत नाहीत.

तुम्ही शेलारला असा, नाहीतर माझ्यासारखे कुठे परमुलखात, तुम्हालाही कुणी ना कुणी डबी घेऊन भेटलं असेल. लावली असेल तर मी नावं ठेवणार नाही. मी नाही लावली.

तो तुकडा मी बाबांना फोनवर पाठवला. चेहरा दिसत नाही, नाव नाही, नुसते हात. मी कुणाचे ते सांगितलंही नव्हतं. पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"हात तुझाच हाय," बाबा म्हणाले. "पन गाठीचं शेपूट लांब राह्यलंय."

तासभर अर्थ लावणारे इथे पुष्कळ आहेत. माझ्या गाठीत खोट काढणारं माणूस जिथे बसलंय, ते माझं घर.