बेलशस्सराच्या मेजवानीतली भोकं

"दादा गेला. सकाळी, झोपेतच. तुम्ही या, पण हार आणू नका, त्याला फुलांची शिंक यायची." सबनीस सरांच्या बहिणीनं, शालूताईंनी, फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला. मी कर्वेनगरहून सदाशिव पेठेत पोचेपर्यंत माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला असं लिहिलं तर वाचकांना बरं वाटेल. पण खरं सांगतो, पहिला विचार आला तो असा : आता माझ्यावरचा आरोप कोण मागे घेणार?

सबनीस सर चित्रकला शिकवायचे. शाळेत मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, सुदैवानं. आमची ओळख जुन्या बाजारातली. मी हौशी नाटकवाला, एका ऐतिहासिक नाटकासाठी कंदील शोधत होतो, आणि सर एका गोणपाटावर उकिडवे बसून विक्रेत्याला म्हणत होते, "हे खरं आहे याचा पुरावा काय?" त्यांच्या हातात होतं अडीचशे वर्षांपूर्वीचं, युरोपात छापलेलं आणि हातानं रंगवलेलं एक चित्र. बायबलमधला प्रसंग, नोहाचं तारू. वरच्या कडेला मथळा, तोही उलटा, आरशात दिसावा तसा. विक्रेता म्हणाला, "साहेब, छपाई चुकलीय, कमी करतो." सरांनी चेहरा पाडला, हळहळले, भाव पाडून घेतला आणि कोपऱ्यावर आल्यावर मला म्हणाले, "चुकलेली नाही हो. ही आरशातूनच बघायची असतात. पण त्याला सांगायची काय गरज?" त्या क्षणी मी या माणसाच्या प्रेमात पडलो आणि त्याच क्षणी ठरवलं, याच्याशी व्यवहार करायचा नाही.

चार-पाच वर्षांत सरांनी अशी सात चित्रं जमवली. शलमोनाचं मंदिर, उधळ्या पुत्राचं परत येणं... ती बघायला त्यांनी स्वतःच एक यंत्र केलं होतं : शालूताईंच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा तिरका बसवलेला, त्यापुढे एक जाडजूड भिंग. चित्र खाली टेबलावर ठेवायचं आणि भिंगातून बघायचं. वरून बघितलं तर रंग बटबटीत, गुलाबी रेषेबाहेर गेलेला, आकाश एका दमात फासलेलं. पण भिंगाला डोळा लावला की खांबांच्या रांगा अशा आत धावत सुटायच्या की वाटावं, टेबलाखाली भुयार आहे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरोखर वाकून टेबलाखाली पाहिलं. सर म्हणाले, "नटवर्य, तिथे शालूची चिंच आहे." मला ते कायम नटवर्य म्हणत. त्यात आदर किती, हे मी कधी विचारलं नाही.

आणि मग आली बेलशस्सराची मेजवानी. बॅबिलोनचा हा राजा भर दरबारात खात-पीत असताना हवेतून एक नुसता हात येतो आणि भिंतीवर त्याचं भविष्य लिहून जातो, अशी कथा. चित्रात मोठं दालन, शेकडो पाहुणे, छताला झुंबरं. ते जुन्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं होतं. सरांनी पुठ्ठा आठवडाभर ओलावून अलगद सोडवला आणि ज्या दुपारी कागद वाळून तयार झाला, त्याच दुपारी मी नाट्यस्पर्धेहून थेट त्यांच्याकडे गेलो. छातीवर स्पर्धकाचा बिल्ला होता, तो टोचत होता, म्हणून काढून टेबलावर ठेवला. सर चहा करायला आत गेले. बाहेर आले, कागद उचलून खिडकीसमोर धरला. झुंबरांमध्ये बारीक बारीक भोकं होती. चांगली तीस-चाळीस.

सरांनी कागदाकडे पाहिलं. मग बिल्ल्याकडे. मग बिल्ल्याच्या टाचणीकडे. मग माझ्याकडे.

"मी नाही केलं," मी म्हणालो.

"मी काही विचारलं?"

संपलं! त्यानंतर त्यांनी एका शब्दानं आरोप केला नाही. केला असता तर मी रंगमंचीय आवाजात उत्तर दिलं असतं, तयारी होती माझी. पण त्यांनी फक्त माझी खुर्ची हलवली. टेबलापासून दाराशी. पुढची नऊ वर्षं मी दर गुरुवारी तिथे बसून चहा प्यायलो आणि चित्रं सहा फुटांवरून पाहिली. बायको म्हणायची, "जाता कशाला?" कशाला... माझ्या निर्दोषपणाची साक्ष द्यायला तिथे हजर राहायलाच हवं, असं मला वाटे. शिवाय गप्पा फार छान मारायचे हो.

मग दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी गेलो तर खुर्ची टेबलाजवळ! बशीत दोनऐवजी चार बिस्किटं. सर म्हणाले, "उकडतंय का? पंखा वाढवू?" मी सावध झालो. ज्या माणसानं पंख्याचं बटण कधी दोनच्या पुढे नेलं नाही, तो असं का म्हणतोय? पुढच्या गुरुवारी तर कहर. त्यांनी बेलशस्सर कापडात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. "घेऊन जा."

"कशाला?"

"तुमच्याकडे राहील."

मला सगळा डाव दिसला. चित्र माझ्या घरात सापडणार, पाठोपाठ सर येणार, सोबत दोन साक्षीदार! मी म्हणालो, "नको सर, आमच्या भिंतींना ओल आहे." ते "बरं," म्हणाले आणि कापडाची गाठ पुन्हा घट्ट केली. त्या दिवशी बाहेर पडताना मी मोठा सापळा चुकवल्याच्या आनंदात शीळ घालत होतो.

गेल्या महिन्यात चित्रं आवरायला शालूताईंनी बोलावलं, तेव्हा मी धीर करून बेलशस्सराचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला ठाऊकच नाही?" दोन वर्षांपूर्वी जुन्या कागदांचं जतन शिकणारी एक मुलगी ही चित्रं बघायला आली होती. एका मिनिटात तिनं सांगितलं की ही भोकं मुद्दाम पाडलेली, त्या काळचीच आहेत. मागे रंगीत पातळ कागद लावायचा, त्यामागे दिवा धरायचा, की चित्रातली झुंबरं पेटतात.

"त्या दिवशी दादा जेवला नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणे, नऊ वर्षं खुर्ची दाराशी ठेवली, आता कोणत्या तोंडानं सांगू? चित्रच देऊन टाकतो. आणि तुम्ही ओलीचं कारण सांगितलंत! दोन दिवस नुसता फणफणत होता. 'शालू, तो माणूस माझ्यावर संशय घेतो! माझ्यावर!'"

मला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी अडकलं...

शालूताईंनी पडदा ओढला. चित्राच्या मागे सरांनी स्वतः पतंगाचा पिवळा कागद लावला होता, भोकाभोकाला कातरून. त्यांनी चित्र उभं धरून मागे टॉर्च लावला आणि बेलशस्सराच्या दालनात एकेक ज्योत लागली. मग मी म्हणालो, "ताई, आता न्यायचं म्हटलं तर?"

"दादा सांगून गेलाय, नटवर्यांना दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मी काही विचारलेलं नाही." त्यांनी टॉर्च बंद केला. "बघायला मात्र यायचं. गुरुवारी."

म्हणून मी जातो. शालूताई चहा टाकतात, पण तो उकळत ठेवून लगेच बाहेर येतात आणि माझ्या शेजारी उभ्या राहतात. मी वाकून झुंबरं न्याहाळत असतो, त्या माझ्या बोटांकडे बघत असतात. तोंडानं काही म्हणत नाहीत. सबनिसांच्या घरात माझ्यावर अजून नीट लक्ष आहे, या विचारानं मला फार बरं वाटतं.