ऑर्गनचा कुलर

आमच्या जठारपेठेतल्या गाण्याच्या क्लासचे मोरोपंत गुरुजी तापट नव्हते, फक्त नेहमी बरोबर असत. वडिलांकडून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या: पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन आणि कोणाचं न ऐकण्याची सवय. दोन्ही त्यांनी जिवापाड जपल्या.

अकोल्याच्या मे महिन्यात ऑर्गनच्या लाकडाला चिरा पडतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. झालं! भलामोठा कुलर थेट ऑर्गनसमोर आला. आमच्याकडे उन्हाळ्यात एवढा थाट फक्त जावयाचा असतो. आम्ही कोपऱ्यात घामाने निथळत गायचो. ऑर्गनवर हवेतला ओलावा मोजणारं यंत्र होतं. काटा साठ टक्क्यांच्या खाली आला की गुरुजी बंदिश अर्धवट सोडून कुलरमध्ये बादली ओतायचे.

त्या ओल्या हवेने तबल्याची चामडी सैल पडून सूर उतरायचा. तीस वर्षं बाळापूरहून साथीला येणारे नत्थुजी दर दहा मिनिटांनी हातोडीने ठोकून तबला चढवायचे.

"गुरुजी, कुलरचं तोंड फिरवा. तबला उतरून राहिला."

"तबला नाही, तुमचा हात उतरलाय," गुरुजी म्हणायचे.

वार्षिक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तर त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नत्थुजी, उद्या येऊ नका. तबल्याचं मशीन लावू." मला संताप आला, पण मीही मेली वहीत बंदिश उतरवत राहिले. नत्थुजींनी तबला उचलला आणि अंगणात उन्हात नेऊन ठेवला.

इकडे गुरुजींनी ऑर्गनवर 'सा' दाबला. ओलाव्याने फुगलेली पट्टी खाली गेली ती वर येईना. 'रे' वाजवा, 'ग' वाजवा, भाता मारला की 'सा' कोकलायचाच. काटा मात्र साठावर ठणठणीत.

पाव तासाने नत्थुजी उन्हाने ताणलेला तबला घेऊन उंबऱ्यात बसले आणि त्यांनी एक थाप दिली. अडकलेल्या 'सा'शी ती तंतोतंत जुळली.

"काहून गुरुजी, तुमच्या ऑर्गनलेबी उनात नेऊ का?"

गुरुजींनी भाता थांबवला, कुलर बंद केला. "या, बसा."

"आधी सांगा, चूक कोनाची व्हती?"

काट्याकडे बघत गुरुजी पुटपुटले, "माझी."

"तबल्याच्या मशीनले ऐकू नाही गेलं," नत्थुजी म्हणाले.

गुरुजींना पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.