तिन्हीसांजेचा आकडा

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं. देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर दोन महिन्यांनी एकदा टीव्हीवर येतात. आता या दोघांनी एकाच सकाळी, दहाच्याच ठोक्याला यावं, याला काय म्हणावं? नशीब म्हणावं, दुसरं काय!

मी नळाला पाइप लावला, त्याचं दुसरं टोक टाकीत सोडलं आणि पदर खोचलेला तसाच ठेवून टीव्हीपुढं उभी राहिले. गव्हर्नरसाहेब सावकाश बोलत होते. महागाई झाली, पाऊसपाणी झालं, जगातली परिस्थिती झाली, पण व्याजदर कमी करणार की नाही ते काही सांगेनात. इकडं माझा जीव टांगणीला. हातात मोबाइल, त्यात माझे शेअर, ते घटकेत तांबडे घटकेत हिरवे. साहेबांनी घसा खाकरला तरी रंग बदलत होता. शेवटी एकदाचं म्हणाले, दर आहे तोच राहील. तेवढ्यात बाहेरून शेजारीण ओरडली, "अवो वैनी, पाणी गटारीला चाललंय की सगळं! ध्यान कुटं हाय तुमचं?"

सोलापुरात दूध सांडलेलं एक वेळ चालतं, पाणी सांडलेलं चालत नाही. मी धावले, तर नळ आधीच बंद झालेला. आमच्या ह्यांना त्या दिवशी सुट्टी होती, त्यांनीच उठून बंद केला होता. ओले पाय पायपुसण्याला पुसत म्हणाले, "काय म्हणलं तुझं वासरू?"

वासरू म्हणजे गव्हर्नर. आमच्याकडं संक्रांतीच्या जत्रेत वासराची भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्य, बोरं, गाजरं, पानसुपारी मांडतात. ते ज्याला तोंड लावील ते त्या वर्षी महागणार, ते बुजलं तर काहीतरी आक्रीत घडणार, असं लोक धरून चालतात. दुसऱ्या दिवशी पेपरात छापूनही येतं. गव्हर्नरच्या बोलण्यावरून माझे शेअर कसे वरखाली होतात हे मी ह्यांना पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा सगळं शांतपणे ऐकून हे म्हणाले, "म्हंजे आपलं वासरूच की!" तेव्हापासून ते नाव पडलं ते पडलंच.

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे गल्लीला माहीत आहे. पण ह्यांच्यावर रागावून उपयोग नसतो. उजव्या कानानं ह्यांना ऐकू येत नाही, आणि मी रागावले की हे बरोबर तोच कान माझ्याकडं करतात.

तो कान कारखान्यानं नेला. हे तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्यात. तयार झालेला टॉवेल तपासून पुढं सोडायचा, हे ह्यांचं काम. मूळचे माळशिरसकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, लोकर हाताला लहानपणापासून ठाऊक. टॉवेलवरून उलटा हात फिरवला की डोळे मिटून सांगतात, इथं धागा सुटलाय. माल सगळा अमेरिकेला जातो. तिथल्या कुठल्या बाईनं न्हाऊन केस पुसले तर त्या टॉवेलवरून आधी आमच्या ह्यांचा हात फिरलेला असणार, याचा ह्यांना कोण अभिमान! पण मागांच्या खडखडाटात कान गेला आणि कापसाचे तंतू छातीत बसले. सकाळी उठले की अर्धा तास खोकतात. तो खोकला ऐकतच मी रोज चहा ठेवते.

म्हणून मी शेअर बाजारात शिरले. बालवाडीत पंचवीस वर्षं पोरं सांभाळून थोडे पैसे हाती आले होते. कॅलेंडरच्या मागं मी पेन्सिलीनं एक रक्कम लिहून ठेवली. तेवढी झाली की महिन्याला ह्यांच्या पगाराएवढे पैसे काढता येतील आणि ह्यांना मानानं घरी आणता येईल. मला साडी नको होती, सोनं नको होतं. ह्यांना घरी आणायचं, बस्स.

"घरी बसून करू काय? भिंतीवर हात फिरवू?" हे म्हणायचे.

"फिरवा. भिंत काही खोकला देत नाही."

भावाची चटक मला माहेरची. माझे वडील बार्शीच्या धान्य बाजारात मापाडी होते, पोती काट्यावर चढवून वजन करायचे. त्यांतलं एक पोतं कधी स्वतःचं नव्हतं, पण भाव सगळे तोंडपाठ. पलीकडं मराठवाड्यात पाऊस लागला की आमच्याकडं तुरीचा भाव का उतरतो, हे मला चौथीतच कळलं होतं. वडील आणखी एक सांगायचे, भाव चढला म्हणून लई हरखू नये, कुठंतरी शिवार वाळलेलं असतं. हे मात्र मी सोयीनं विसरले.

बाजारात दोन वर्षं काढल्यावर कळलं की आपला गव्हर्नर धाकटा, थोरला अमेरिकेत बसतो. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं व्याज चढवलं की जगातला पैसेवाला आपला पैसा उचलून तिकडं नेतो, आणि माझे शेअर आपटतात. तिनं व्याज उतरवलं की तोच पैसा जास्त मिळकतीच्या आशेनं इकडं येतो, आणि माझे शेअर चढतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आपल्या बँकेनं व्याज कमी केलं, मी खुशीत शिरा केला, आणि बाजार पडला, असंही झालंय. का, तर म्हणे बाजारानं ती बातमी आधीच खाऊन पचवली होती. मग मला का नाही सांगितलं? उगाच तूप गेलं.

आणि सगळ्यात उफराटी गोष्ट पुढंच. अमेरिकेची बँक व्याज कधी उतरवते? तिथं धंदा मंदावला, लोकांची कामं जायला लागली की. म्हणजे तिकडची वाईट बातमी ती आपली चांगली. एकदा जेवताना कडक भाकरी मोडत मी ह्यांना हे समजावलं.

"तिकडं कामं गेली की व्याज उतरणार. व्याज उतरलं की पैसा इकडं येणार. पैसा आला की आपला बाजार वर."

ह्यांनी शेंगाचटणीत बोट फिरवलं. "म्हंजे कुनाचं तरी काम जावं म्हणून आपण वाट बगत बसायचं?"

"असं नसतं हो ते. हे अर्थशास्त्र आहे. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"व्हय, ते बी खरंच," म्हणाले, आणि उजवा कान माझ्याकडं करून भाकरी मोडायला लागले.

अमेरिकेत किती जणांना नवीन काम मिळालं, त्याचा आकडा दर महिन्याला येतो, बहुतेक पहिल्या शुक्रवारी. तिथं तेव्हा सकाळ असते, आमच्याकडं दिवेलागण. मी देवापुढं वात लावायची आणि शेजारी मोबाइल उभा करून ठेवायची. माझ्या सासूबाई असत्या तर मोबाइलसकट मला बाहेर काढलं असतं. दिवेलागणीला त्या घरात वाईट शब्द काढू द्यायच्या नाहीत. त्या वेळी वास्तुपुरुष घरातून फिरतो आणि कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणतो, अशी त्यांची पक्की समजूत. डब्यातले तांदूळ संपले तरी 'संपले' म्हणायचं नाही, 'वाढले' म्हणायचं. मीही बालवाडीच्या पोरांना हेच शिकवलं, भरल्या सांजेला रडू नका, भांडू नका.

त्या शुक्रवारी मात्र माझा धीर सुटला. महिनाभर बाजार सारखा घसरत होता. सकाळी ह्यांचा खोकला नेहमीपेक्षा जास्त चालला होता. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. गॅस दोनदा तपासला, कपाट उगाच लावलं, दार उघडलं, मिटलं. संध्याकाळी वात लावली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "देवा, वाईट येऊ दे बाबा आकडा. चांगला दणकून वाईट येऊ दे."

तोंडातून निघालं आणि अंगावर काटा आला. पण तेवढ्यात फोन किणकिणला. आकडा वाईट होता, सगळ्यांना वाटला होता त्याहून वाईट. मग कसला काटा नि कसलं काय! शनिवार-रविवार बाजार बंद, माझी मात्र दिवाळी. सोमवारी बाजार चढणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सोमवारी ह्यांना डब्यात भाकरी, भरली वांगी आणि गुळाचा खडा दिला. जाताना म्हणाले, "आज गूळ कशाला गं?" मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते."

सव्वानवाला बाजार उघडला तो उसळूनच. मी खुर्चीत बसेना, उभ्यानंच बघत होते. हिरवं, सगळं हिरवं. कॅलेंडर उलटं करून पेन्सिलीची रक्कम पाहिली, थोडंच कमी पडत होतं. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत हे घरी. शेजारणीला पेढे द्यावे की काय, असाही विचार मनात आला.

अकराला गाडीचा आवाज आला. आमच्याच गाडीचा. दार उघडलं तर हे.

"काय हो, डबा विसरला?"

"न्हाय. हाय की हातात." डबा भरलेला होता, लोंबत्या हातावरूनच कळत होतं.

आत आले, चपला नीट भिंतीशी लावल्या, खाटेवर बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि मग बोलले.

"तिकडल्या दुकानदारानं ऑर्डर थांबवलीया. लोकं घेईनात म्हणं, कुनाच्या हाताला काम न्हाय. निम्मे माग बंद केले. तपासायला मालच न्हाय, तर तपासणारा कशाला? जावा म्हणले घरी. लागलं तर बोलवू."

मी उभीच. टीव्हीचा आवाज बंद होता, पण खालची पट्टी हिरवी पळत होती. ह्यांनी तिकडं पाहिलं. मी आडवी यायच्या आत पाहिलं.

"तुझा बाजार वर गेला असंल की आज," म्हणाले.

मी शिकवलेला धडा होता तो, भाकरी मोडता मोडता शिकवलेला. मला वाटलं, आता टोमणा येईल, आणि आला असता तर फार बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

"व्हय, गेलाय," मी म्हटलं.

"मग बरं झालं. एकाचं तरी."

मनापासून म्हणाले हो. त्या माणसाच्या तोंडावर खरंच समाधान होतं, आणि मला तिथल्या तिथं धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शुक्रवारी देवापुढं काय बोलले ते मी ह्यांना सांगितलं नाही. डबा उघडला, अकरालाच दोघं जेवायला बसलो. ह्यांना घरी आणायचं होतं ना मला? आले की घरी. गूळ ह्यांनी माझ्या ताटात ठेवला.

चढलेला बाजार आठ दिवसांत उतरलाही, हे सांगायला नकोच. कारखान्यातून बोलावणं आलं नाही. खोकला कमी झाला, हे खरं. पण हे घरात असे वावरायला लागले की मला बघवेना. वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावरून उलटा हात फिरवायचे. माझ्या साडीचा सुटलेला धागा काढायचे, शेजारणीच्या चादरीचासुद्धा. एकदा मला म्हणाले, "तिकडं मागांच्या आवाजात चांगलं ऐकू यायचं. हितं शांततेत कायच कळत न्हाय." मी न्हाणीत जाऊन नळ सोडला, पाणी नव्हतं, तरी सोडला, आणि रडून घेतलं.

मग पुन्हा पहिला शुक्रवार आला. सकाळपासून माझा पाय ठरेना. आकडा वाईट आला तर कॅलेंडरमागची रक्कम जवळ येणार. चांगला आला तर शेअर पडणार, पण तिकडं टॉवेल खपणार, बंद पडलेले माग सुरू होणार. दिवेलागण झाली. वात लावली, मोबाइल शेजारी होताच. हात जोडले, खाली घेतले, पुन्हा जोडले.

हे मागं येऊन उभे राहिले. "आज त्यो आकडा हाय न्हवं? मग माग की काय मागायचं ते."

"तुम्हीच मागा."

ह्यांनी हात जोडले. जरा विचार केला. "तितल्या लोकांना कामं मिळू दे," म्हणाले. "त्येंच्या नळाला रोज पाणी येऊ दे. दिवसातनं दोन-दोनदा अंघोळी करू देत."

एरवी मी हसले असते. आपल्या नळाला पाच दिवसांनी पाणी, आणि हे मागतात कुणासाठी! माझ्या शेअरचं काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. पण वास्तुपुरुषावर सोडायची मला छाती झाली नाही. मीच मोठ्यानं, ह्यांच्या डाव्या कानाशी म्हणाले, "तथास्तु."

फोन किणकिणला. मी लगेच उचलला नाही, एवढं खरं.