पंपण्णांना न दिलेला दाखला

फुटबॉलचा सामना रंगात आलेला असताना चेंडूकडे न पाहणारा प्रशिक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे पंपण्णा मैदानाच्या कडेला उकिडवे बसत, कोपरे गुडघ्यांवर टेकवीत, आणि चेंडू उजवीकडे असला की त्यांची नजर हमखास डावीकडे असे. गोल झाला की शेजारच्याला विचारीत, "कोणी मारला?" तो आपण केला की आपल्यावर झाला, हेही कित्येकदा त्यांना लोकांच्या ओरडण्यावरूनच समजे. क्लबचा सचिव या नात्याने मी एकदा त्यांना याबद्दल रीतसर जाब विचारला. ते म्हणाले, "चेंडूकडं सगळं गाव बघतंय, वकीलसाहेब. तिथं मी एक कमी पडलो तर काय बिघडतं? पण आपला डावा बॅक कमरेवर हात ठेवून उभा आहे, ते कोणी बघितलं?" मी पाहिले. तो खरोखरच कमरेवर हात ठेवून उभा होता.

मी तेव्हा वकील नव्हतो. बेळगावकडून बेंगळुरूला आलेला, मल्लेश्वरमात एका खोलीत राहणारा आणि एका नामांकित वकिलांच्या कचेरीत मसुदे लिहिणारा कारकून होतो. कायद्याची परीक्षा अजून तीन वर्षे दूर होती. 'वकीलसाहेब' ही पदवी पंपण्णांनी मला आगाऊ बहाल केली होती आणि ती उच्चारताना त्यांच्या मिशीत नेहमी थोडे हसू असे. त्यांचे स्वतःचे नावही पंपण्णा नव्हतेच. चेंडूत हवा भरायचा पितळी पंप ते दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत, म्हणून पोरांनी त्यांचे हे नामकरण केले होते. हवा भरून झाली, चामडी वादी ओढून घट्ट बांधली, की ते चेंडू कानाशी नेत, त्याला टिचकी मारीत आणि मगच तो मैदानात टाकीत. कानडी मुलखात हे नाव तसे रुळलेले असल्यामुळे परक्यांना तेच त्यांचे खरे नाव वाटे, आणि तेही कोणाला दुरुस्त करीत नसत.

पेटेत, म्हणजे बेंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेत, कैक पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेल्या मराठी शिंप्यांचे त्यांचे घराणे. छावणीतल्या एका तंबू शिवणाऱ्याकडे ते रोजंदारीवर होते. घरी मराठी बोलत, आकडेमोड कानडीत करीत आणि फारच राग आला तर छावणीतल्या तमिळचा आधार घेत. माझ्या मराठीबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. "तुमचं मराठी कागदावरचं," ते म्हणत, "ऐकता ऐकता तहान लागते." मी उलट त्यांच्या 'स्वल्प थांबा' आणि 'बरं, बरं'च्या जागी येणाऱ्या 'सरी, सरी' यांना हसत असे. आज साठ वर्षांनंतर या शहरातल्या एखाद्या दुकानात कोणी मराठी माणूस 'स्वल्प थांबा' म्हणाला की मी खरोखरच थांबतो, आणि मग कशासाठी थांबलो ते मलाच सांगता येत नाही.

आमचा सराव संपंगी तळ्याच्या कोरड्या पात्रात चाले. पोरे अनवाणी खेळत. सरावाआधी प्रत्येकाने ओंजळभर खडे वेचून कडेला टाकायचे, हा पंपण्णांचा दंडक होता आणि त्यातून सचिवालाही सूट नव्हती. एकदा एका नव्या सेंटर फॉरवर्डने सांगितले की तो खेळायला आला आहे, झाडलोट करायला नाही. पंपण्णा शांतपणे म्हणाले, "सरी. मग तू खेळ. तुझ्या वाटणीचे खडे जिथं पडलेत ना, तेवढ्याच जागेत धावायचं." पंधरा मिनिटांत तो पोरगा वाकून खडे वेचू लागला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांच्या शिकवण्यात रागाला जागा नव्हती. माझ्यात तो पुरेपूर होता, आणि बहुधा म्हणूनच आमचे जमले.

क्लबचा सारा भार एका रेशमाच्या व्यापाऱ्यावर होता. तो वारला आणि त्याच्या मुलांचे लक्ष फुटबॉलपेक्षा शर्यतीच्या घोड्यांकडे अधिक असल्याचे लवकरच दिसून आले. त्याच वर्षी वरच्या गटातील संघांना बूट सक्तीचे झाले. ज्यांच्याकडे मैदानाचे भाडे द्यायला पैसे नाहीत, त्यांनी पंधरा जोड बूट कोठून आणावेत, असा प्रश्न मी फुटबॉल संघटनेला एका पत्रात विचारला, मग दुसऱ्या पत्रात विचारला, आणि तिसऱ्या पत्रात उत्तर न देण्याच्या त्यांच्या अधिकाराचा कायदेशीर आधार विचारला. पंपण्णांनी मला तिसरे पत्र लिहिताना पाहिले. "लिहून राग गेला का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, थोडा गेला. "मग टपालखर्च कशाला करता?"

बूट अखेर त्यांनीच आणले. लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या बुटांचे एक पोते त्यांनी मिळवले, तळव्यांना चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या आणि तंबूच्या जाड दोऱ्याने उसवलेल्या शिवणी पुन्हा घातल्या. पहिल्या सामन्यात आमची पोरे चिखलातल्या बदकांसारखी चालली. मध्यंतरात सगळे मान खाली घालून बसलेले असताना पंपण्णा म्हणाले, "बूट पायात घातलाय. डोक्यात कशाला घालता?" पोरे हसली. तो सामना आम्ही हरलो, पण त्या हंगामात आम्ही खालच्या गटात गेलो नाही, आणि ते केवळ त्यांच्यामुळे, हे सगळ्या शहराला कळले. तिथेच घात झाला.

शहराच्या भोवती तेव्हा मोठमोठे कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाला आपला फुटबॉल संघ हवा होता. चांगला खेळणारा पोरगा दिसला की त्याला नोकरी द्यायची आणि संघात घ्यायचे, अशी ही रीत. मला ती लूट वाटे. हंगाम चालू असताना कोणालाही एका संघातून दुसरीकडे जायचे असेल, तर पहिल्या संघाच्या सचिवाचा ना-हरकत दाखला असलाच पाहिजे, हे कलम संघटनेच्या नियमांत यावे म्हणून मी दोन वर्षे पत्रे लिहिली होती. ते आले होते. प्रशिक्षकालाही ते लागू असावे, ही सूचना माझीच होती.

एका संध्याकाळी पंपण्णा चेंडूची वादी ओवता ओवता मला म्हणाले, "कारखान्याचा साहेब जीप घेऊन घरी आला होता. भांडारात कायमची नोकरी, राहायला घर, आणि त्यांच्या संघाला शिकवायचं. याच हंगामापासून पाहिजे म्हणतोय, नाहीतर दुसरा माणूस बघणार. मी म्हटलं, आमचे वकीलसाहेब कागद बघतील. नियम असेल तसं."

या वाक्यात मला फक्त आव्हान ऐकू आले, तेही कारखान्याचे. मी तीन दिवस खपून चौदा कलमांचे हरकतपत्र तयार केले. क्लब बुडेल, पण लुटला जाणार नाही, अशा आवेशात मी ते लिहिले. ते रजिस्टर्ड टपालाने संघटनेकडे रवाना केले आणि शनिवारी सरावाच्या आधी सगळ्या पोरांना गोळा करून त्याची प्रत, इंग्रजीतून मराठी आणि कानडी करीत, मोठ्याने वाचून दाखवली. इतका एकाग्र श्रोतृवर्ग मला पुढे कोणत्याही न्यायालयात लाभला नाही. शेवटचे कलम संपताच पोरांनी पंपण्णांना खांद्यावर उचलले आणि साऱ्या मैदानाला फेरी मारली. माझे डोळे भरून आले होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा विजय आहे, असे मला वाटले.

खाली उतरल्यावर ते माझ्याजवळ आले. "छान लिहिलंय," ते म्हणाले. "क्लब आहे, संघटना आहे, कारखाना आहे. मी कुठं आहे त्यात?"

"चौथ्या कलमात," मी सांगितले. "'सदर प्रशिक्षक' असा उल्लेख आहे."

"सरी, सरी," ते म्हणाले आणि पंप घेऊन चेंडूंकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नीने, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू, मला कॉफी दिली. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "वकीलअण्णा, त्या कारखान्याच्या घरांत नळ आतच असतो म्हणे. खरं का?"

"असतो," मी म्हटले.

"म्हणजे दार लावून पाणी भरता येत असेल."

एवढेच. त्यात तक्रार नव्हती. त्या गल्लीच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक नळावर अक्का लग्न झाल्यापासून उजाडायच्या आत रांग लावीत आल्या होत्या, हे मला माहीत होते. माहीत असलेली गोष्ट माणसाला पहिल्यांदा समजते तेव्हा कसे होते, ते मला त्या पेल्यातली कॉफी संपेपर्यंत कळले.

हरकत मागे घेण्याची मुदत मंगळवार संध्याकाळपर्यंत होती. सोमवारी सकाळी कचेरीला दांडी मारून मी तंबूवाल्याकडे गेलो. खिशात हरकत मागे घेणारे पत्र होते, आणि सही-शिक्क्यासह ना-हरकत दाखला. पंपण्णा तळहाताला चामड्याची गादी बांधून कॅनव्हासमधून दाभण ओढत होते. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. कशाचे आहेत ते सांगितले.

"आता नको," ते म्हणाले.

"का नको? कायद्याने अजून उद्यापर्यंत वेळ आहे."

"कायद्याला असेल. परवा पोरांनी खांद्यावर घेतलं, सगळ्यांनी बघितलं. त्या खांद्यावरून उतरून कोणी जीपमध्ये बसतं का, वकीलसाहेब?"

"मी पोरांना समजावून सांगतो."

"तुम्ही सांगाल, पोरं ऐकतील. मग रविवारी सामन्याला माझ्याकडं कशी बघतील?" त्यांनी दाभण पुन्हा कापडात घातले. "कागद ठेवा खिशात. तंबूचं माप चुकायला लागलंय."

मी तासभर वाद घातला. माझा युक्तिवाद निर्दोष होता. आपल्या बाजूने कायदा असूनही हरण्याचा तो माझा पहिला प्रसंग. मंगळवारची संध्याकाळ होऊन गेली, कारखान्याने दुसरा प्रशिक्षक नेमला, आणि आमचे पंपण्णा आमचेच राहिले.

क्लब आणखी तीन हंगाम जगला. त्या काळात कारखान्यांनी आमची पोरे एकेक करून नेली आणि दर वेळी पंपण्णा त्या पोराचा हात धरून माझ्याकडे येत. मी कागद पुढे ओढला की म्हणत, "पत्र नको. सही."

"पण माझी हरकत आहे."

"ती घरी जाऊन लिहा. इथं सही करा."

मग पोराला बाहेर नेऊन ते त्याला बजावीत, पहिला पगार आईच्या हातात दे, आणि आमच्याविरुद्ध खेळताना लाजू नकोस. पुढे एक रविवार असा आला की मैदानावर आमचे नऊच जण होते. संघटनेने आमचे नाव यादीतून काढले. त्याविरुद्ध मी लिहिलेली पत्रे आजही अनुत्तरित आहेत. अलीकडे संघटनेच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक निघाले, त्यात आमच्या क्लबला एक ओळही नाही. त्याबद्दलही मी चार वेळा लिहिले आहे आणि हात चालतो तोवर लिहिणार आहे. पण खरे सांगायचे तर मला त्या पुस्तकात क्लब नको आहे. मला मैदानाच्या कडेला उकिडवा बसलेला एक माणूस हवा आहे, आणि तो कोणत्या कलमाखाली मागावा हे मला अजून उमगलेले नाही.

तंबूवाल्याचे काम बंद पडल्यावर पंपण्णा आणि अक्का होसकोट्याला मुलीकडे राहायला गेले. मी बसवर सोडायला गेलो होतो. शिलाईयंत्र टपावर चढवून झाल्यावर ते म्हणाले, "पत्र लिहा. कानडी अक्षरांत लिहा म्हणजे मला वाचता येईल. आणि स्वल्प कमी रागावून." त्यांच्या घरात मराठी बोलत, पण देवनागरी कोणालाच वाचता येत नसे. तेव्हापासून पाच-सहा वर्षे मी दर महिन्याला त्यांना मराठी पत्र कानडी लिपीत लिहीत राहिलो. माझ्या हातून गेलेल्या हजारो पत्रांपैकी एवढीच अशी आहेत की ज्यांत मी कोणाला काही सिद्ध करून दाखवीत नव्हतो. कोण कोठे खेळतो, कोणाचे लग्न ठरले, कोणाला मुलगा झाला, एवढेच असे. त्यांची उत्तरे पोस्टकार्डावर येत, चार-पाच ओळींची, तंबूच्या टाक्यांसारख्या ठसठशीत अक्षरांत.

एका पत्रात मी त्यांना सरळ विचारले, की तेव्हा तुम्हाला खरोखर जायचे होते का. एवढा प्रश्न लिहायला मला इतकी वर्षे लागली होती. पुढचे दोन महिने कार्ड आले नाही. मग आले. तळे भरले, नातू शाळेत जाऊ लागला, गुडघा दुखतो, असे सगळे नेहमीप्रमाणे लिहून खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले होते:

'त्या शनिवारी अक्काने माझ्या सदऱ्याला इस्त्री केली होती. सरावानंतर कारखान्यात जाऊन होय म्हणून सांगायचं ठरलं होतं. तो घालूनच मी मैदानात आलो होतो. तुम्ही पत्र वाचत होतात.'